मालकांचं ‘हूं’

हेमचंद्र देशकर बायकोचं ऐकत नाहीत, असं म्हणायची कुणाचीही छाती झाली नसती. चित्राताई काही बोलल्या की ते दर वेळी ‘हूं’ म्हणत. तोंडदेखलं नव्हे. चांगलं भरदार, शेवटी जरा लांबवलेलं, बोलणाऱ्याला वाटावं की आपला शब्द थेट काळजात जाऊन बसला. लग्न ठरलं तेव्हा चित्राताई या ‘हूं’वरच भाळल्या होत्या. त्यांच्या माहेरी वाईला पुरुषमाणसं बायकांचं बोलणं मधेच तोडत. हा मुलगा तोडत नाही म्हणून सगळ्यांनी वाखाणला. बोलणं तोडायलासुद्धा आधी ते ऐकावं लागतं, हे त्यांच्या लक्षात यायला कॅनडात येऊन दोन-तीन हिवाळे काढावे लागले.

‘हूं’ म्हणताना हेमचंद्रराव असत कुठे? शरीराने समोर, डोळे उघडे, चष्मा नाकावर. मन मात्र भलत्याच मुलखात. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात-मध्यात नाही. फक्त स्वप्नं बघायची, आणि तीही जागेपणी, म्हणजे झोपेचाही आधार नाही. ग्वेल्फच्या विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर गव्हाच्या पिठावर संशोधन केलं. पीठ किती ताणलं की तुटतं, यावरचे त्यांचे निबंध लोक आदराने वाचत. नोकरी होती तोवर स्वप्नांनाही ऑफिसची वेळ होती. निवृत्त झाले आणि स्वप्नांचा बांध फुटला.

सगळ्यात मोठं स्वप्न पुरणपोळीचं. हॅलिफॅक्सपासून व्हिक्टोरियापर्यंत अख्खा कॅनडा पुरणपोळी खातोय, असं त्यांना दिसे. न्यूफाउंडलंडचा म्हातारा कोळी होडी किनाऱ्याला लावतो, बोटांवरचा बर्फ झटकतो, पाकीट उघडतो, आणि पोळीवर तुपाची धार सोडून डोळे मिटतो. हे चित्र त्यांना इतकं स्पष्ट दिसे, की एकदा त्यांनी त्या कोळ्याला तूप कमी घ्यायलाही सांगितलं होतं. मनातल्या मनातच, पण कळकळीने.

असा ‘हेमचित्र फूड्स इन्कॉर्पोरेटेड’चा जन्म झाला. पुण्यात बंगल्याला नाव देतात तसं हे नाव दोघांचं मिळून होतं, आणि पुण्यातल्यासारखंच त्यात नवऱ्याचं आधी होतं. जागा मिळाली एका टायरवाल्याच्या मागे. पुढे लोक विंटर टायर्स बदलून घ्यायला रांग लावत, मागे डाळ शिजे. हेमचंद्रराव कंपनीचे प्रेसिडेंट झाले. अकाउंटंटने सांगितलं, मिसेसना रीतसर पेरोलवर घ्या, टॅक्सला बरं पडतं. म्हणून चित्राताई प्रॉडक्शन सुपरवायझर झाल्या. प्रॉडक्शनही त्याच करत, त्यामुळे देखरेखीला फार लांब जावं लागत नसे. हाताखाली सुरेखा होती, नागपूरची, नवरा सॉफ्टवेअरमध्ये. घरात बसून डोकं फिरायला लागलं म्हणून ती सकाळच्या वेळात यायची.

प्रत्येक पाकिटावर छापलं होतं की ही पोळी हाताने लाटलेली आहे आणि हिचं पुरण हाताने वाटलेलं आहे. यावर हेमचंद्ररावांची अढळ निष्ठा होती. इलेक्ट्रिकचं यंत्र आणू म्हटलं की ते दुखावत. “यंत्राच्या पुरणाला हाताची ऊब नसते, चित्रा,” ते म्हणत. वाईहून आणलेलं पितळी पुरणयंत्र टेबलाच्या कडेला घट्ट आवळलेलं असे, आणि त्याचा दांडा चित्राताई फिरवत. हेमचंद्ररावांची जागा खिडकीपाशी, हीटरला लागून. बाहेर बर्फ भुरभुरतोय, आत वाफेने काचा धुरकटल्यात, गुळाचा आणि जायफळाचा वास, आणि दांड्याचा एकसुरी घरघराट. अशा हवेत तपस्व्याचंही ध्यान लागलं असतं. हेमचंद्ररावांचं तर लागलेलंच असे.

एका सकाळी होळीच्या ऑर्डरी येऊन पडल्या होत्या. ब्रॅम्पटनच्या दुकानांच्या, मराठी मंडळाच्या. तेव्हा चित्राताई कोट चढवत म्हणाल्या, “अहो, हात फारच धरलाय. ऊर्मी आलीय टोरांटोहून, तिच्याबरोबर डॉक्टरकडे जाऊन येते.”

“हूं,” हेमचंद्रराव म्हणाले. त्या क्षणी ते सस्कॅचवानमध्ये एका शेतकऱ्याला पोळीसाठी कुठला गहू पेरावा ते समजावत होते, आणि शेतकऱ्याला ते पटत आलं होतं.

वॉक-इन क्लिनिकमध्ये एक तरुण डॉक्टरीण होती. तिने चित्राताईंचा अंगठा हळूच वाकवला, मनगट दाबलं आणि विचारलं, “हाऊ लाँग हॅज इट बीन हर्टिंग?”

कधीपासून दुखतंय? एवढंच. पण चित्राताईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

“मॉम! इज इट दॅट बॅड?” ऊर्मी घाबरली.

“नाही गं. दुखण्याचं नाही काही,” चित्राताई डोळे पुसत म्हणाल्या. “कुणी विचारलंच नव्हतं.”

डॉक्टरणीने मग काय काम करता, कुठे करता, हे सगळं विचारलं. चित्राताईंनी पुरणयंत्राचा दांडा हवेत फिरवून दाखवला आणि त्यांच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. मालक कोण, तर “माय हजबंड.” मालकाला याची कल्पना आहे का? चित्राताईंनी खरं बोलायचं म्हणून नीट विचार केला. “आय हॅव टोल्ड हिम,” त्या म्हणाल्या. कल्पना आहे का, हा प्रश्न त्यांनी सोडून दिला. डॉक्टरणीने मनगटाला काळा पट्टा बांधला, दांडा आणि लाटणं दोन्ही बंद म्हणून बजावलं, आणि कामावरच्या दुखापतींचं जे सरकारी बोर्ड असतं त्याच्याकडे आपला कागद पाठवून दिला.

रात्री जेवताना हेमचंद्ररावांचं त्या पट्ट्याकडे लक्ष गेलं. तेवढं लक्ष होतं त्यांचं.

“नवा हातमोजा?” त्यांनी कौतुकाने विचारलं. “एकच घेतलास?”

ऊर्मी ताटावरून उठली, कोट घेतला आणि “अनबिलिव्हेबल!” म्हणत टोरांटोला निघून गेली. तिला रस्त्यावरच्या बर्फाची काळजी वाटत असावी, असा हेमचंद्ररावांनी समज करून घेतला.

मग बोर्डाचा फोन आला. ब्रेंडा नावाची बाई होती. आवाज इतका मऊ, की हेमचंद्रराव लगेच तरंगायला लागले.

“सर, तुमच्या एका वर्करला दुखापत झालीय. चित्रा देशकर.”

“चित्रा? शी इज हिअर ओन्ली. बोलावू का?”

“नाही सर. मला एम्प्लॉयरशी बोलायचंय.”

ब्रेंडाने समजावलं. कामामुळे माणसाला इजा झाली, दुखणं जडलं आणि डॉक्टरकडे जावं लागलं, की मालकाने बोर्डाला कळवायचं असतं. कळल्यापासून कामाच्या तीन दिवसांच्या आत. नुसतं खरचटलं आणि मलम लावून भागलं, तर आपल्या रजिस्टरमध्ये टिपून ठेवायचं. कळवू नको म्हणून कामगाराला दटावायचं नाही, आडूनही सुचवायचं नाही. हे सगळं लिहिलेलं पोस्टर तुमच्या भिंतीवर असेलच ना, सर? पोस्टर होतं. हेमचंद्ररावांनी ते स्वतःच्या हाताने लावलं होतं. मग भिंत उघडीबोडकी दिसते म्हणून त्यावर गणपतीचं कॅलेंडर टांगलं होतं, आणि तेव्हापासून सगळा कायदा विघ्नहर्त्याच्या पाठीशी होता.

“तुम्हाला हे कधी कळलं, सर?”

“आत्ता. तुम्ही सांगितलंत तेव्हा.”

“ती म्हणते, डॉक्टरकडे जाण्याआधी तिने तुम्हाला सांगितलं.”

फोन ठेवल्यावर हेमचंद्ररावांचा स्वाभिमान उसळून आला. “माझ्या बायकोची दुखापत मला बोर्डाकडून कळावी! प्रेसिडेंट आहे मी कंपनीचा!”

“त्या सकाळी सांगून गेले होते,” चित्राताई डाव्या हाताने पोहे भिजवत म्हणाल्या. “तुम्ही हूं म्हणालात.”

हेमचंद्रराव ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला बाहेर पडले. माणसाला घरात तोंड दाखवायला जागा उरली नाही की बर्फ फार उपयोगी पडतो.

शेजारचे रवींद्रभाऊ तिथे फावड्यावर हनुवटी टेकून उभेच होते. त्यांनी सगळी नोकरी फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेकात, लव्हालला, पुलांची गणितं करण्यात काढली आणि निवृत्तीनंतर मुलीजवळ राहायला ग्वेल्फला आले. पूल मागे राहिले, फ्रेंच शब्द आणि सल्ला द्यायची सवय सोबत आली. हेमचंद्ररावांनी सगळी कर्मकथा ऐकवली.

“मे नाँ, हेम! तू हे कळवणार?” रवींद्रभाऊंनी फावडं बर्फात खुपसलं. “हा म्हणजे हात दाखवून अवलक्षण. एकदा कळवलंस की इन्स्पेक्टर, चौकशी, तुझं नाव कायमचं त्यांच्या वहीत. नीट विचार कर. वहिनी घरी पोळ्या लाटतात की नाही?”

“लाटते ना.”

“कधीपासून?”

“लग्न झाल्यापासून.”

“व्वाला!” रवींद्रभाऊंनी जणू पुलाचा शेवटचा खांब रोवला. “मग दुखणं फॅक्टरीचं कशावरून? दुखणं घरचं आहे. आणि घरच्या दुखण्याला कुणी जबाबदार नसतं.”

तर्क इतका बिनतोड होता की हेमचंद्रराव बराच वेळ त्याचं कौतुक करत उभे राहिले. शास्त्रज्ञ माणूस, त्याला सुबक युक्तिवादाचा मोह पडतोच. त्यांनी ते वाक्य मोठ्याने म्हणूनही पाहिलं. “घरच्या दुखण्याला कुणी जबाबदार नसतं.” आणि वर बघतात तो स्वयंपाकघराची खिडकी उघडी. पोहे करपले म्हणून धूर जायला उघडली होती. खिडकीत चित्राताई उभ्या होत्या. डाव्या हाताने त्यांनी खिडकी लावून घेतली.

त्या दिवसापासून चित्राताईंनी बोलणंच सोडलं. अबोला धरला म्हणावं, तर आदळआपट नाही, जेवण वेळच्या वेळी समोर. नुसते शब्द तेवढे बंद. होळीच्या ऑर्डरी तशाच पडून. कामावर जाणार का, विचारलं तरी उत्तर नाही. पुन्हा कधीच जाणार नाहीत की काय, या विचाराने हेमचंद्रराव धास्तावले. आणि काय सांगावं, त्यांना स्वप्नंही पडेनात. आजवर त्यांची स्वप्नं चालायची ती चित्राताईंच्या बोलण्याच्या आवाजावर. मागे तो आवाज सुरू असला की मन खुशाल कुठेही भटके, कारण परत यायची वाट माहीत असे. आता घर मुकं झालं होतं. दुपारी फ्रिजची मोटर सुरू झाली आणि हेमचंद्रराव सवयीने म्हणाले, “हूं.” मग स्वतःच दचकले.

संध्याकाळी ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म घेऊन बसले. मालकाचा अहवाल. पहिली पानं सोपी होती, कंपनीचं नाव, पत्ता. पुढे घोडं अडलं. कामगाराचं आणि मालकाचं काही नातं आहे का? त्यांनी ‘यस’वर खूण केली, आणि ‘कसं आहे’ या जागेपुढे उगाचच थबकले. दुखापत कशामुळे झाली? या दाव्याबद्दल तुम्हाला काही शंका आहे का? इथे रवींद्रभाऊंचा तर्क अगदी फिट्ट बसला असता. जागाही भरपूर सोडली होती. आणि मग तो प्रश्न आला, की दुखणं कधी सुरू झालं आणि कामगाराने ते मालकाला प्रथम कधी सांगितलं.

चित्राताई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“अगं, हात कधीपासून दुखतोय?”

चित्राताई वळल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा बोलल्या. “फॉर्मवर आहे का तसं?”

“हो, हे बघ ना, इथे.” हेमचंद्ररावांनी भाबडेपणाने बोट ठेवून दाखवलं.

“मग लिहा काहीतरी. घरचंच दुखणं ते,” असं म्हणून त्या दिवा मालवून वर निघून गेल्या. हेमचंद्रराव अंधारात फॉर्मवर बोट ठेवून तसेच बसून राहिले.

साक्षीदार कोण, असंही एक कलम होतं. म्हणून दुसऱ्या सकाळी ते सुरेखाला गाठायला कारखान्यात गेले. ती एकटीच कणीक तिंबत होती आणि चेहऱ्यावरून बरेच दिवस या प्रसंगाची वाट बघत असावी, असं दिसत होतं.

“गौरी जेवल्या ना काका, त्याच्या दुसऱ्या दिवशी काकू पहिल्यांदा बोलल्या. मग दिवाळीत. मग संक्रांतीला तर माझ्यासमोर. तुम्ही हूं म्हणून राहिले होते.”

“आणि मी काय करत होतो?”

“खिडकीतून पाहून राहिले होते. काकू तर चक्कर येऊन पडल्या होत्या!”

“काय? कधी?”

“म्हणजे पडल्या असत्या,” सुरेखा म्हणाली. “मी असती तर पडलीच असती.”

एवढी साक्ष देऊन ती पाकिटं आणायला निघून गेली. हेमचंद्रराव पुरणयंत्रापाशी आले. इतके दिवस या दांड्याची ऊब त्यांनी पाकिटावर छापली होती, पण हात कधी लावला नव्हता. जाळीत थंड पुरण शिल्लक होतं. त्यांनी दांडा फिरवून पाहिला. पहिला फेरा सहज गेला. मग पुरण दाटलं, दांडा अडला, अंगठ्याच्या मुळाशी एक बारीक कळ उठली आणि कोपरापर्यंत चढत गेली. त्यांनी जोर लावला. पुन्हा कळ. ते हळूहळू फिरवत राहिले, तोच तो घरघराट सुरू झाला, काचेबाहेर बर्फ भुरभुरायला लागला, आणि डोळ्यांपुढे न्यूफाउंडलंडचा तो किनारा आला. तोच कोळी, तीच होडी. पण या खेपेला पाकीट उघडता उघडता कोळ्याने मान वर केली आणि चित्राताईंच्या आवाजात म्हणाला, “अहो, हात दुखतोय हो.”

हेमचंद्रराव थिजले. आवाज ओळखीचा होता आणि वाक्यही. गौरींच्या दुसऱ्या दिवशी खिडकीवर ऊन होतं, ते हॅलिफॅक्सच्या वाटेवर होते, आणि मागून कुणीतरी म्हणालं होतं, “अहो, अंगठा भरून येतोय.” दिवाळीत, व्हिक्टोरियाच्या बंदरावर. संक्रांतीला, तिळगुळाची वाटी पुढे करताना, “जरा तुम्ही फिरवता का दांडा, मला उचलवत नाहीये.” सगळं होतं. शब्द न शब्द कानांवाटे आत आला होता आणि आतल्या आत बर्फासारखा साचून राहिला होता. आत्ता तो वितळायला लागला. एवढी मोठी स्वप्नं, पण सगळी तिच्या मनगटावर उभी केलेली. हेमचंद्ररावांना भडभडून आलं. सुरेखा पाकिटं घेऊन परतली तेव्हा प्रेसिडेंट पुरणयंत्राला धरून रडत होते. शहाणी मुलगी, ती पुन्हा बाहेर गेली आणि टायरवाल्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभी राहिली.

तिथेच, पिठाच्या टेबलावर, हेमचंद्ररावांनी फॉर्म पुरा केला. गौरी कोणत्या तारखेला जेवल्या ते गणपतीच्या कॅलेंडरवर शोधायला गेले, तर ते नव्या वर्षाचं. जुनं त्याच्या खालीच टांगलेलं होतं. तिथे तारीख सापडली, आणि त्याच्याही खाली पोस्टर सापडलं. कॅलेंडरं त्यांनी शेजारच्या खिळ्यावर लावली. शंका आहे का, तिथे लिहिलं, नाही. आणि शेवटी, आणखी काही सांगायचं असल्यास म्हणून जी जागा होती, तिथे इंग्रजीत चार ओळी खरडल्या आणि लगेच फॅक्स केला, मन बदलायच्या आत.

दुपारी ब्रेंडाचा फोन घरी आला. हेमचंद्ररावांनी आपण हात धुवेपर्यंत म्हणून स्पीकर लावला आणि तो तसाच राहिला.

“सर, तुम्ही लिहिलंय की तिने सप्टेंबरमध्ये सांगितलं, आणि तुम्ही... ‘हूं’ म्हणालात. म्हणजे काय?”

“आमच्यात तो होकार असतो, मॅडम. ऐकलं, असा.”

“म्हणजे तुम्ही ऐकलं होतं?”

आता सुटायला एक बारीक फट होती. ऐकलं नव्हतं म्हटलं की झालं. ओट्यापाशी भांडी विसळत असलेल्या चित्राताईंचा हात थांबला.

“तिने सांगितलं होतं,” हेमचंद्रराव म्हणाले. “मी ऐकलं नाही. चूक तिची नाही.”

“सर, सांगितलं म्हणजे मालकाला कळलं, असंच आम्ही धरतो,” ब्रेंडा म्हणाली. “आणि आणखी एक. तुम्ही शेवटी लिहिलंय की ही कामगार लग्नापासून घरीही पोळ्या लाटतेय, त्याचंही दुखणं यात असणार, आणि त्यालाही खाली सही करणारा जबाबदार आहे. सर, ते आम्हाला नकोय. आम्ही फक्त कामाच्या जागेचं बघतो.”

“मग घरचं कुणाला कळवायचं?”

“आय थिंक यू जस्ट डिड, सर,” ब्रेंडा म्हणाली. मग तिने सांगितलं की दावा पुढे जाईल, फिजिओथेरपी मिळेल, आणि हात बरा होईपर्यंत मालकाने या कामगाराला झेपेल असं हलकं काम शोधून द्यावं.

फोन ठेवल्यावर हेमचंद्रराव चुळबुळत उभे राहिले. “हलकं काम द्यायचंय तुला. म्हणजे, तू येणार असशील तर. आपल्याकडे सगळ्यात हलकं काम कोणतं?”

चित्राताईंनी ओला हात पदराला पुसला. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “प्रेसिडेंटचं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून खिडकीपाशी, हीटरला लागून, चित्राताई बसल्या. मनगटावर काळा पट्टा, हातात चहाचा मग, समोर धुरकट काच. हेमचंद्ररावांनी अॅप्रन बांधला. पिठाचा एवढा मोठा जाणकार, पण पीठ त्यांना ओळखेना. पहिली पोळी न्यूफाउंडलंडच्या आकाराची झाली. दुसरीला आजूबाजूची बेटंही आली. पुरण पातळ झालं, मग आटवता आटवता दगड झालं. इलेक्ट्रिकचं यंत्र त्याच दिवशी मागवलं, पण बर्फाच्या वादळात ते वाटेतच कुठेतरी अडकलं, आणि होळी काही वादळासाठी थांबत नाही. सुरेखाने लाटणं हाती घेतलं आणि “काका, तुम्ही नुसतं वाटा, लाटू नका,” अशी विनंती केली.

मदतीला रवींद्रभाऊ आले. ज्याच्या सल्ल्याने शेजाऱ्याचं घर मुकं झालं त्याला थोडी टोचणी लागते. पोळी उलटायचं गणित पुलापेक्षा सोपं, असं म्हणत ते तव्यापाशी उभे राहिले आणि पहिल्याच पोळीला बोट भाजून घेतलं.

“मों द्यू! नोंद कर, हेम! आधी नोंद कर!” ते बोट नळाखाली धरून ओरडायला लागले.

“तुम्ही कामगार नाही, भाऊ. सल्लागार आहात,” हेमचंद्रराव म्हणाले.

“मग काय झालं? उद्या फोड आला तर? तारीख टाक, वेळ टाक, सुरेखा साक्षीदार!” आणि नोंद होऊन तिच्याखाली स्वतःची सही होईपर्यंत रवींद्रभाऊंनी मलमसुद्धा लावू दिलं नाही.

दुपार उतरायला लागली. सुरेखा मुलाला शाळेतून आणायला गेली, रवींद्रभाऊ बोट जपत घरी गेले. बाहेर बर्फ पुन्हा सुरू झाला, सावकाश, मोठ्या मोठ्या पाकळ्यांनी, आणि पुढच्या टायरवाल्याचा आवाजही त्यात बुडून गेला. आत डाळीची वाफ, जायफळाचा वास, आणि दांड्याचा एकसुरी घरघराट. हेमचंद्रराव फिरवत होते. चित्राताई काचेतून बाहेर बघत होत्या. काय बघत होत्या कोण जाणे. वाईचा घाट असेल, किंवा त्यांचाही कुणी कोळी असेल, आजवर त्यालाही बसायला खुर्ची मिळाली नव्हती.

अंगठ्याच्या मुळाशी ती ओळखीची कळ पुन्हा आली. हेमचंद्रराव थोडा वेळ दम धरून राहिले. मग हलकेच म्हणाले, “अगं, हात दुखतोय माझा.”

“हूं,” चित्राताई म्हणाल्या.

अगदी तसंच. भरदार, शेवटी जरा लांबवलेलं. पुढे काही म्हणायचा हेमचंद्ररावांना हक्कच नव्हता. त्यांनी मान खाली घातली आणि दांडा फिरवत राहिले.

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पट्टा नसलेला हात पुढे आला, दांड्यावरच्या त्यांच्या हातावर पडला, आणि घरघराट थांबला.

“कधीपासून?” चित्राताईंनी विचारलं.